हरकती न मागवता काढून टाकलेला घाट

प्रथम तारखा आणि जबाबदार व्यक्ती नोंदवतो, बाकीचे नंतर. जिल्ह्याच्या न्यायालयात लघुलेखक म्हणून नोकरी संपवली, त्यामुळे हा क्रम हाडात मुरला आहे.

संक्रांतीच्या आदल्या दिवशीची सकाळ. माझी पत्नी सुमन हिची वाचा गेली आणि उजवा हात लुळा पडला. जबाबदार : मेंदूतली रक्ताची एक गुठळी. तिच्यावर नोटीस बजावता येत नाही.

होळीनंतरचा आठवडा. सुमनचे शब्द परत येऊ लागले. जबाबदार : मुलाचा जुना संगणक, त्यातला बस चालवण्याचा एक खेळ, आणि स्टीलचा एक पेला.

चौदा एप्रिल, दुपार. तो खेळ बंद पडला. जबाबदार : खेळ बनवणारी परदेशी कंपनी; आणि आमचे चिरंजीव मिलिंद, ज्यांनी प्रेमापोटी एक बटण दाबले. प्रेमापोटी केलेले कृत्यही कृत्यच असते. शिक्षेत सवलत मिळेल, दोषमुक्ती नाही.

बुद्धपौर्णिमा. संगणक सुधारून खेळ पुन्हा सुरू झाला, आणि त्याच दिवसापासून सुमन पुन्हा गप्प होऊ लागली. जबाबदार : तीच कंपनी. या वेळी एकटीच.

या सगळ्याला वर्ष होत आले. आता पुन्हा तोच मोसम आला आहे. कॉलनीच्या मागच्या रस्त्याने द्राक्षांचे क्रेट भरलेल्या गाड्या जातात, त्यांच्यामागे कागदाच्या बारीक कातरणीच्या पट्ट्या उडत राहतात. सकाळी अजून गोदावरीकडून गार वारा येतो आणि दहा वाजता तोच वारा अंगाला चटका देतो. कोपऱ्यावरचा गाडीवाला उरलेले मणी कागदावर मांडून विकतो. थोडे चिरडलेले, थोडे अतिपिकलेले, आणि म्हणून जास्त गोड. मी ते घेऊन येतो, धुतो, सुमनच्या पुढे ठेवतो. ती डाव्या हाताने एकेक मणी उचलून खाते. चव लागली की तिच्या डोळ्यांच्या कडा हलतात. पूर्वी ती म्हणायची, "पिंपळगावचे शेत." नुसत्या चवीवरून. बरोबर की चूक, ते तपासण्याची सोय नव्हती, पण तिच्याशी वाद घालण्याची हिंमतही नव्हती.

सुमन एसटीत कंडक्टर होती. नाशिक–सटाणा या मार्गावर तिची निम्मी नोकरी गेली. बाई कंडक्टर दिसली की लोक गाडीत चढता चढता पुन्हा खाली उतरून पाटी वाचत, असा तो काळ. ती सटाण्याकडची, माहेरी अहिराणी बोलणारी, मी सिन्नरचा. घरी आम्ही शहरातली मराठी बोलायचो, मुलाशी तर अगदी पुस्तकी. पण गाडीत ती वेगळी बाई असे. एकदा सुट्टीच्या दिवशी मी त्याच गाडीने सटाण्याला निघालो होतो. मागच्या बाकावरून तिला पाहत बसलो. ओझर आले, तिने आवाज दिला. पिंपळगाव आले, तिने आवाज दिला. सोग्रस फाट्याला उतरणाऱ्यांना आधीच दाराशी आणून उभे केले. एका गृहस्थाने शंभराची नोट पुढे केली, तेव्हा म्हणाली, "दादा, ही नोट घरी फ्रेम करून लावा. मला सुट्टे द्या." सगळी गाडी हसली. माझ्यापाशी आली आणि चेहऱ्यावर ओळखीची रेषही न उमटवता म्हणाली, "तिकीट?" मी तिकीट काढले.

अशा बाईपुढे वाचोपचार करणाऱ्या मॅडम चित्रांचे पुठ्ठे धरत. गाय. आंबा. छत्री. "आजी, हे काय आहे? बोला, आं... आंबा." मॅडम सज्जन होत्या, मन लावून शिकवत. सुमन त्या आंब्याकडे ज्या नजरेने पाही, ती नजर मला ठाऊक होती. अर्ध्या तिकिटात मोठे पोर बसवू पाहणाऱ्या बापासाठी ती राखून ठेवलेली होती. शब्द मात्र येत नसे. ओठ जुळत, गळ्याची शीर ताठ होई, आणि मग ती मान वळवून भिंतीकडे बघे. रात्रंदिवस माणसांना गावे सांगणारी बाई पाणी हवे असले तरी बोट दाखवी.

मिलिंद पुण्याला नोकरीला आहे. आईसाठी रजा काढून आला होता. त्याच्या कॉलेजच्या दिवसांतला संगणक आमच्या पुढच्या खोलीत चादरीखाली झाकून ठेवलेला होता. त्या काळी त्याने हट्ट धरून, खेळ खेळता यावेत असा, सुटे भाग गोळा करून जुळवलेला. होळी होऊन गेली होती. दुपारी वेळ जाईना म्हणून त्याने चादर काढली आणि एक खेळ लावला. कुठल्याशा परदेशातला डोंगराळ रस्ता, एकपदरी, दोन्ही बाजूंना झाडे, आणि त्यावरून प्रवासी घेऊन जाणारी बस. सुमन पलंगावर उशीला टेकून बसली होती. पडद्यावरची बस थांब्यावर उभी राहिली, माणसे चढू लागली, आणि शेवटची म्हातारी पायरीवर असतानाच मिलिंदने गाडी काढली.

टण्!

सुमनने डाव्या हातातला पेला पलंगाच्या लोखंडी कठड्यावर आपटला होता. एक ठोका. एसटीत एका घंटीचा अर्थ एकच : थांबव.

मिलिंदने गाडी थांबवली. मागे वळून बघितले. म्हातारी चढली. सुमनने पेला दोनदा आपटला. टण् टण्. मिलिंदने गाडी काढली. पुढच्या थांब्यावर एक कोटवाला साहेब चढला, आणि आमच्या खोलीत एक आवाज आला. घोगरा, धुळीने भरलेला, दोन महिने बंद पडलेल्या नळासारखा.

"सुट्टे."

मिलिंद खुर्चीतून उठला. "आई, काय म्हणालीस? आई, परत म्हण."

"सुट्टे द्या," ती म्हणाली. मग रागाने माझ्याकडे बघून, कारण मी वाटेत उभा होतो : "सरका ना, भो!"

मी सरकलो. आयुष्यात कोणाच्या सांगण्यावरून इतक्या आनंदाने सरकल्याचे मला आठवत नाही.

डॉक्टरांना विचारले तेव्हा ते म्हणाले की असे होते. जे शब्द माणसाने हजारो वेळा ठरावीक जागी उच्चारलेले असतात, ते कधी कधी मेंदूत दुसऱ्या वाटेने टिकून राहतात. शिव्या, आकडे, प्रार्थना. सुमनच्या बाबतीत ते थांबे होते. मिलिंद पुण्याला परत गेला आणि ड्रायव्हरची जागा रिकामी झाली. मला साधी स्कूटरही कधी धड चालवता आली नाही. पण लघुलेखकाची बोटे होती; चार कळांवर बस चालवायला ती पुरली. रोज जेवणानंतर आमची गाडी सुटू लागली. मी खुर्चीत, ती माझ्या मागे पलंगावर, पेला हातात. डबल बेल झाल्याशिवाय मी गाडी हलवायची नाही, हा नियम. लाल दिव्याला थांबायचे, हा माझा नियम. त्यावरून आमची रोज खडाजंगी.

"ओ डायवर! गाडी लेट शे!"

"सिग्नल आहे, सुमन."

"कोन बघस?"

"मी बघतो आहे ना. कायदा कोणी बघत असेल तरच पाळायचा असतो का?"

यावर ती पेल्याने कठडा बडवायची. मग एखादी मोटार आम्हाला आडवी येऊन पुढे जायची, आणि सुमन त्या परदेशी चालकाला अस्सल बागलाणी अहिराणीत विचारायची, "डोया फुटनात का तुना?" शेजारच्या शोभाताई एकदा दारातून डोकावल्या. म्हणाल्या, "भाऊ, कोणाशी भांडण चाललंय?" मी म्हणालो, "ड्युटीवर आहे ती." शोभाताई आत आल्या, पलंगाच्या कडेला बसल्या. सुमनने त्यांच्याकडे बघून हात पुढे केला. "तिकीट?" शोभाताई रडू लागल्या आणि सुमनला त्याचे कारणच समजेना. तिने गाडीत रडणारे खूप पाहिले होते. ती म्हणाली, "माहेरले चालनी का?"

आणि तो रस्ता! मी आजवर पाहिलेल्या रस्त्यांत तो मला सर्वांत जास्त पाठ आहे, आणि त्याच्यावर मी एकदाही पाय ठेवलेला नाही. गाव सोडल्यावर एक पेट्रोल पंप लागे. सुमनने त्याला आडगाव ठरवले. उंच निमुळत्या मनोऱ्याचे एक चर्च होते, ते ओझर. नदीवरचा दगडी पूल आला की ती नाकाने श्वास ओढून घेई आणि म्हणे, "पिंपळगाव," जणू टोमॅटोच्या क्रेटांचा वास पडद्यातून येत होता. दोन रस्ते फुटत तो सोग्रस फाटा. तिथून उजवीकडे वळले की चढण, आणि चढणीवर एकामागून एक वळसे घेणारा अरुंद घाट. ती भावडबारी. उतरले की लाल कौलांचे गाव, देवळा. शेवटचे स्थानक सटाणा. पाट्यांवर जर्मन की कसल्याशा भाषेत भलतीच नावे होती. ती नावे आमच्या खोलीत कोणी वाचत नव्हते.

प्रत्येक खुणेला एक गाव आणि प्रत्येक गावामागे चार शब्द. घाटाच्या दुसऱ्या वळणावर एक वाकडे झाड होते. तिथे सुमन एकदा चक्क पूर्ण वाक्य बोलली. "इथे बाळंतीण उतरवली होती मी." मी गाडी थांबवली, कायद्याने तिथे थांबायला मनाई होती, तरीही. "कोण बाळंतीण?" तिने बराच वेळ प्रयत्न केला. "लुगडं धरलं... आम्ही बायांनी... चार बाजूंनी. मुलगी झाली." मग हसली. "हाफ तिकीट." ही गोष्ट तिने इतक्या वर्षांत मला कधीही सांगितलेली नव्हती. घरी येऊन स्वयंपाकाला लागली असेल. मीही विचारले नसेल. निकालपत्रांचे टंकन घरी आणायचो मी.

म्हणून म्हणतो की त्या रस्त्याची किंमत आम्हालाच माहीत होती.

चौदा एप्रिलला मिलिंद आला. कॉलनीत सकाळपासून मिरवणुकीची तयारी, निळ्या पताका, ढोलताशांची सलामी. सुमनला पांढरी साडी नेसवली, विहारात नेऊन आणले. तिने हात जोडले आणि त्रिशरण सबंध म्हटले. ठरावीक जागचे शब्द. दुपारी मी आडवा झालो. मिलिंद खेळ उघडून बसला. त्याला पडद्यावर निरोप दिसला की नवी आवृत्ती आली आहे.

"बाबा, भारी अपडेट दिलंय. रस्ते सगळे नवीन केलेत. आईला मजा येईल."

"आहे ते चालू आहे ना?"

"अहो, अपडेट घ्यायचंच असतं. नाहीतर मागे राहतो माणूस."

जाग आली तेव्हा पडदा काळा होता, त्यावर एक इंग्रजी ओळ : तुमच्या संगणकाचे चित्रकार्ड या आवृत्तीला चालत नाही. मिलिंद घामाने निथळला होता. जुन्या आवृत्तीकडे परत जायची वाट त्याने शोधली. कंपनीने ती बंद केलेली होती. सुमन पेला धरून बसली होती. तिने दोनदा वाजवला. थांबली. पुन्हा दोनदा वाजवला.

मी त्याला रागे भरलो नाही. पुण्याला घराचा हप्ता, दोन मुलांच्या शाळा. तोही मेटाकुटीला आलेला. "मी पैसे पाठवतो बाबा, नवीन मशीन घेऊ," म्हणाला. मी म्हणालो, "नको. याच मशीनला दुरुस्त करू." निवृत्तिवेतन, औषधे आणि व्यायामाच्या बाई यांच्यात नव्या यंत्राला जागा नव्हती. निवृत्तीनंतरही मागवत असलेले निकालांचे मासिक मी बंद केले आणि बाजारात उतरलो.

एप्रिलचे ऊन आणि जुन्या संगणकांचा बाजार, या दोन गोष्टी आता माझ्या मनात एकच झाल्या आहेत. गल्लीतली ती अरुंद दुकाने, छतापर्यंत रचलेले मृत संगणक, गरम झालेल्या प्लॅस्टिकचा आणि डिंकाचा वास, उसाच्या रसाच्या गाड्यावरची घुंगरे. शकीलभाई नावाचा एक मालेगावचा दुकानदार होता. त्याने माझ्या संगणकाचा डबा उघडला, आत बघितले, आणि हात जोडले.

"चाचा, हे मशीन नाही, ही मजार आहे. चादर चढवा आणि घरी न्या."

"चालू आहे. फक्त चित्रकार्ड बदलायचं आहे."

"कार्ड बदललं तर पॉवर सप्लाय रडेल. पॉवर सप्लाय बदलला तर बोर्ड रडेल. सगळ्यांचं रडणं थांबवता थांबवता तुम्ही रडाल. नातू खेळतो?"

"मी खेळतो. आणि माझी पत्नी."

शकीलभाईने पेचकस खाली ठेवला. "चाचीजी भी? कौनसा गेम?"

"बस. ती कंडक्टर आहे."

त्याने माझ्याकडे नीट बघून घेतले. पण भाव कमी केला नाही, हे नोंदवून ठेवतो. जुने कार्ड, म्हणे, एका कॉलेजच्या पोराचे, कमी वापरलेले. मी पावती मागितली. "सेकंडहँडला पावती? चाचा, तुम्ही लग्नात जेवून पण पावती मागता का?" मी त्याला ग्राहकाचे हक्क सांगू लागलो, मागच्या दुकानातून चहावाला येऊन ऐकत उभा राहिला. शेवटी त्याने कार्डाच्या खोक्यावर लिहून दिले : चालले नाही तर बदलून देईन. खाली सही. ते कार्ड घरी नेऊन लावले, तर पडद्यावर हिरव्या रेघांचा पाऊस. रिक्षात डबा मांडीवर घेऊन परत गेलो. त्याने सही केलेली होती; बदलून द्यावे लागले. मग रॅमची जादा पट्टी, पॉवर सप्लाय, हार्ड डिस्कच्या जागी नवी एसएसडी. एकेक वस्तू हाती पैसे जमतील तशी येत होती, आणि मधले दिवस नुसते पडून होते.

त्या मधल्या दिवसांत माझ्या मनात आले : खेळातला रस्ता कशाला हवा, खरा आहे की. सुमनला घेऊन सटाण्याच्या गाडीत बसलो. खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर तरुण मुलगी होती. मी तिला सांगितले, ह्या तुमच्याच खात्यातल्या. तिने वाकून सुमनच्या पायाला हात लावला. "मावशी, बसा निवांत. आज तुम्ही पॅसेंजर."

गाडी निघाली आणि उड्डाणपुलावर चढली. आडगाव खाली राहिले. ओझर खाली राहिले. सुमन काचेला कपाळ लावून शोधत होती. बाहेर सिमेंटचे कठडे, त्यापलीकडे पाण्याच्या टाक्या आणि गच्च्या. पूर्वी जिथे वडांच्या सावलीत गाडी थांबे, तिथून आम्ही कितीतरी उंचावरून जात होतो. ती माझ्याकडे वळली आणि तिने तोंड उघडले. ओझर म्हणायला तिला ओझर दिसायला हवे होते. सोग्रस फाट्याच्या आधीच तिला औषधाची झोप लागली, आणि भावडबारी मी एकट्याने पाहिली. तेव्हा मला उमगले की परदेशातल्या त्या खोट्या रस्त्यावर तिला काय सापडले होते. आपला रस्ता रुंद होण्यापूर्वीचा आपला रस्ता जगात फक्त तिथेच उरला होता.

त्यानंतर मी बाजारात भांडलो नाही. मागतील तसे दिले.

बुद्धपौर्णिमेला संगणक जुळून आला. शकीलभाईने फुकटात एक पंखा बसवून दिला होता, तो फिरताना निळाजांभळा उजेड पाडायचा. शोभाताईंना वाटले सणाची रोषणाई. विहारातून खीर आली होती. सुमनचे केस मी विंचरले, अंबाडा वाकडाच झाला. तिच्या हातात पेला दिला. पडदा उजळला. पूर्वी धुरकट दिसायचे ते सगळे आता स्वच्छ, पानन्‌पान वेगळे. मी म्हणालो, "सुमन, सटाणा?"

टण् टण्.

पेट्रोल पंप होता. "आडगाव," ती म्हणाली. मी देवाला मानत नाही, पण त्या क्षणी कोणाचे तरी आभार मानले. चर्च होते, "ओझर." पुढे दगडी पूल यायला हवा होता. रस्ता अचानक रुंद झाला, चार पदरी, आणि नदी कुठेतरी खोल खाली वाहताना दिसली. ती थांबली. म्हणाली, "पिंप..." आणि पुढचे राहिले. फाटा आला नाही. त्या जागी गोल गोल फिरणारे पूल होते, त्यांनी आम्हाला न विचारता डोंगराकडे वळवले. डोंगराला एक तोंड पाडलेले होते. आम्ही त्यात शिरलो. पिवळे दिवे, एकामागून एक, सारखेच, सरळ, लांबच लांब. कुठेही वळण नाही. झाड नाही.

टण्.

मी बोगद्यातच गाडी उभी केली. मागून भोंगे वाजू लागले.

"घाट कोठे ग्या?" सुमनने विचारले.

मी गाडी पुढे काढली. बोगद्यातून बाहेर पडलो तेव्हा लाल कौले डावीकडे, खाली, दूर दिसली. तिथे जायला रस्ता फुटत नव्हता.

"हाऊ मन्हा रस्ता नै," ती म्हणाली, आणि पेला पलंगावर पालथा ठेवला.

त्यानंतर तिने पेला उचलला नाही. मी अनेक दिवस खेळ लावून बसलो, थांब्यांवर थांबलो, मुद्दाम म्हातारी पायरीवर असताना गाडी काढली. ठोका आला नाही. शब्दही एकेक करून मागे फिरले. आधी शिव्या गेल्या, मग गावे. परवा त्रिशरणाची दुसरी ओळ अडली. चर्च दिसले तरी आता ती ओझर म्हणत नाही. उजव्या हाताची मूठ मिटत चालली आहे. मी रोज तेल लावून एकेक बोट उघडतो, संध्याकाळपर्यंत ती पुन्हा मिटते.

डॉक्टरांना मी स्पष्ट विचारले. त्यांनी प्रामाणिक उत्तर दिले, तेही इथे नोंदवतो, कारण विरुद्ध बाजूचा पुरावा दडवणे माझ्या स्वभावात नाही. ते म्हणाले, आजार आपल्या चालीने चालतो. खेळ तसाच राहिला असता तरी शब्द गेले नसते असे सांगता येणार नाही. मान्य. एकामागून एक घडले म्हणून एकामुळे दुसरे घडले असे होत नाही, हे वाक्य मी निकालपत्रांत किती वेळा टंकले असेल. पण तिचे शब्द किती दिवस टिकले असते, एवढे पाहण्याची संधी आम्हाला होती. ती संधी कोणी घेतली, याबद्दल कोणताही संशय नाही.

मी कंपनीला पत्रे लिहिली. इंग्रजीत, परिच्छेदांना क्रमांक देऊन. पहिल्या दोहोंना यंत्राने उत्तर दिले. तिसऱ्याला माणसाचे उत्तर आले, नम्र, आनंदी. त्या देशात त्या डोंगराखालून खरोखरच नवा बोगदा झाला आहे. खेळाडूंना अचूक, वास्तव रस्ते आवडतात. जुना मार्ग आता उपलब्ध नाही. आपल्या प्रतिसादाबद्दल धन्यवाद. तक्रार निकाली.

वास्तव! आम्ही वास्तवातून सुटूनच तिथे गेलो होतो.

आमच्याकडे खरा रस्ता रुंद करायचा असला तरी आधी नोटीस निघते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात का होईना, छापून येते. हरकती व सूचना मागवतात. सुनावणी होते, बहुतेक वेळा कोणी ऐकत नाही, हे मला माहीत आहे, त्या सुनावण्यांचे शब्द मी उतरवून घेतलेले आहेत. तरी एक म्हातारी उठून विचारू शकते की माझ्या बांधावरचे झाड का तोडता, आणि टेबलामागच्या साहेबाला तिच्याकडे बघावे लागते. तिचे म्हणणे फेटाळले जाते, पण फेटाळले असे लिहावे लागते. या रस्त्याला नोटीस नव्हती. हा रस्ता आम्ही विकत घेतलेला होता, आमच्या घरात, आमच्या यंत्रात होता, आणि एके दुपारी तो उखडला गेला. ज्यांनी उखडला त्यांना आपण काय उखडले याची कल्पनाही नाही. ती नसणे हाच माझा मुख्य आक्षेप आहे.

लोक म्हणतात, एका खेळापायी एवढा संताप? आमचा शकीलभाईसुद्धा म्हणाला, "चाचा, जाऊ द्या. वो तो सॉफ्टवेअर है." जाऊ दिले असते. पण दुपारी जेवणे आटोपली की मी सवयीने संगणक सुरू करतो, त्याच्या पंख्याचा निळाजांभळा उजेड भिंतीवर फिरत राहतो, आणि सुमन त्या रिकाम्या पडद्याकडे बघत असते. तिची जिवणी हलते. मी जवळ जाऊन कान लावतो. आवाज नसतो. ती काय म्हणू पाहते ते मला कधीच कळणार नाही, कारण ते म्हणण्याची जागा कोणीतरी सपाट करून ठेवली आहे.

सबब, माझी मागणी पुढीलप्रमाणे. मला नुकसानभरपाई नको. दिलगिरीचा यांत्रिक मजकूर नको. ज्या माणसाने त्या डोंगरावरचा घाट काढून टाकण्याचा निर्णय घेतला, तो कोणीही असो, कुठल्याही देशात असो, त्याने आपल्या नावानिशी लोकांसमोर उभे राहावे. खाजगी पत्र पाठवलेले मी स्वीकारणार नाही. माझ्या पत्नीने वैशाखातल्या एका दुपारी, भरल्या गाडीत, सगळ्यांच्या देखत एक प्रश्न विचारला होता. तो तिच्याच शब्दांत पुन्हा मांडतो, कारण तिला तो आता मांडता येत नाही.

घाट कोठे ग्या?

याचे उत्तर जाहीरपणे द्या. ती ऐकू शकते तोवर द्या.